खिडकीपलीकडच्या माणसाला कोण शिकवणार?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अळणावरकडील एका वृद्ध मराठी बाईंसोबत आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. त्यांची वृद्धापकाळाची पेन्शन पाच महिन्यांपासून थांबली होती. नातवाने वहीच्या कागदावर सुवाच्य मराठीत अर्ज लिहून दिला होता. नाव, गाव, खाते क्रमांक, पैसे शेवटचे कधी आले तो महिना, सारे व्यवस्थित होते. खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे परत केला. ‘‘अज्जी, कन्नडदाग बरसिकोंड बर्री,’’ तो म्हणाला. म्हणजे, कन्नडमध्ये लिहून घेऊन या. तो उद्धट नव्हता. त्याने आजींना बसायला खुर्ची दिली, पाणी हवे का विचारले. अर्ज मात्र घेतला नाही.

आम्ही त्याला कन्नडमध्येच सांगितले, की भारतीय संविधानाच्या कलम 350 नुसार कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, आणि मराठी ही कर्नाटकात वापरात असलेली भाषा आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग उमटला नाही, आश्चर्य उमटले. नोकरीला लागून सहा वर्षे झाली, असे तो म्हणाला. या काळात संगणकाचे प्रशिक्षण झाले, आधार जोडणीचे झाले, नव्या योजनांची माहिती देणाऱ्या बैठका झाल्या. ‘‘हे मात्र मला कुणीच सांगितलं नाही, सर.’’ नंतर त्याने अर्ज घेतला, तारीख घालून पोचही दिली. दोन महिन्यांनी आजींची पेन्शन सुरू झाली.

त्या तरुणाचे ते एक वाक्य आमच्या मनात राहिले आहे. सीमाभागातील मराठी माणसाला परत केलेल्या अर्जात द्वेष वाचण्याची सवय झालेली आहे. ती सवय अकारण लागलेली नाही. गेल्या सात दशकांचा अनुभव तिच्यामागे उभा आहे. परंतु परत आलेल्या प्रत्येक कागदामागे द्वेषच असतो असे मानले, तर आपण एक मोठी गोष्ट नजरेआड करतो. आपले हक्क ज्या माणसाच्या हातून अमलात यायचे, त्याला ते हक्क कोणी शिकवलेच नसतील तर तो ते पाळणार कसे? लोकांपर्यंत योजना पोहोचवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नागरी हक्कांचे नियमित प्रशिक्षण मिळाले पाहिजे, त्यात भाषेच्या हक्काचा धडा असलाच पाहिजे, आणि या कामाचा आरंभ हुबळी-धारवाडपासून झाला पाहिजे, ही आमची मागणी आहे.

हुबळी-धारवाडच का?

आमच्या काही मित्रांना हे विचित्र वाटेल. सीमालढ्याचे नाव घेतले की बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार ही नावे ओठांवर येतात. हुबळी-धारवाड त्या यादीत बसत नाही. तेथे मराठी ही बहुसंख्येची भाषा नाही आणि आम्ही तसा दावाही करत नाही. तरीही बेळगाव जिल्ह्यातील मराठी माणसाचे दैनंदिन आयुष्य या जोडशहराशी किती घट्ट बांधलेले आहे ते पाहावे. त्याच्या घरातील वीज हेस्कॉमची, आणि हेस्कॉमचे मुख्यालय हुबळीत. तो ज्या लाल बसने तालुक्याला जातो ती वायव्य कर्नाटक रस्ता परिवहन महामंडळाची, आणि 1997 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाचे मुख्यालयही हुबळीत. त्याच्या उसावर, भातावर, सोयाबीनवर रोग पडला तर सल्ला येतो तो धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या विस्तार यंत्रणेकडून. त्याचा खटला वरच्या न्यायालयात गेला तर तो उभा राहतो उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर. सूचना कोणत्या भाषेत छापायची, कर्मचाऱ्याला काय शिकवायचे, तक्रारवहीत कोणते रकाने ठेवायचे, यांतील कितीतरी गोष्टी या दोन शहरांत ठरतात. म्हणून खानापूरच्या खिडकीवरील वागणूक बदलायची असेल तर धारवाडच्या प्रशिक्षणवर्गात शिरावे लागेल.

शिवाय धारवाड जिल्ह्यातही आपली माणसे आहेत. अळणावर परिसरात मराठी घरे आहेत. कलघटगी तालुक्यातील आणि शेजारच्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलकडेच्या वाड्यांवर राहणारे धनगर-गवळी घरात मराठीचीच एक बोली बोलतात. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून लग्न होऊन आलेल्या लेकी येथे नांदत आहेत. यांतील पुरुष बाजारामुळे कन्नड सफाईने बोलतात. बायका, म्हातारी माणसे आणि वाड्यांवरील गवळी यांची गोष्ट वेगळी आहे. शासनाच्या योजना ज्यांच्यासाठी सर्वांत अधिक असतात तीच ही माणसे, आणि भाषेमुळे योजनेपासून सर्वांत दूर राहतात तीही हीच.

टक्केवारीच्या पलीकडे

आपल्या चळवळीला 15 टक्क्यांचा नियम पाठ आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्ये, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांचे जे निवेदन संसदेपुढे ठेवले आणि 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेने जे मान्य केले, त्यातून हा नियम आला. एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत भाषिक अल्पसंख्याक साधारण 15 टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्याचे सार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत आपण मराठी कागदपत्रे मागतो ती याच आधारावर, आणि ते योग्यच आहे.

पण हा नियम हुबळी-धारवाडात उपयोगी पडत नाही. येथे मराठी भाषकांचे प्रमाण 15 टक्क्यांच्या बरेच खाली आहे. मग येथील मराठी माणसाला हक्कच नाहीत काय? आहेत, आणि ते त्या नियमापेक्षा वरच्या पायरीवरचे आहेत. 15 टक्क्यांचा नियम हा सरकारांनी आपसांत मान्य केलेला व्यवहार आहे. कलम 350 हे प्रत्यक्ष संविधानात आहे, आणि त्यात टक्केवारीचा उल्लेखच नाही. ते समूहाविषयी बोलत नाही, ‘प्रत्येक व्यक्ती’विषयी बोलते. गावात मराठी बोलणारे घर एकच असले तरी त्या घरातील आजीचा मराठी अर्ज घ्यावाच लागेल. त्या अर्जाला उत्तर मराठीतच द्यावे, असे मात्र या कलमात म्हटलेले नाही. शक्य तेथे अर्जदाराच्या भाषेत उत्तर द्यावे, ही अपेक्षा संरक्षणांच्या योजनेत आहे. दोन्हींतील भेद आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे. कारण जेथे अधिकार आहे तेथे ठाम राहायचे आणि जेथे अपेक्षा आहे तेथे विनंती करायची, एवढे तारतम्य ठेवले तरच आपले म्हणणे टिकते.

1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-अ आणि 350-ब जोडले. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयींविषयी सांगितले. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली, आणि त्यानुसार 1957 मध्ये भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले. पहारा ठेवायला आयुक्त, अहवाल मांडायला संसद, अशी वरची रचना उभी राहिली. खालच्या टोकाशी, जेथे माणूस माणसासमोर उभा राहतो, तेथे मात्र कोणाला काही शिकवावे असे या तिन्ही कलमांत कोठेही म्हटलेले नाही. आमच्या मते या संरक्षणांतील सर्वांत मोठे भगदाड तेच आहे.

इतर कायद्यांनी हे भगदाड ओळखले. माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये आला तेव्हा त्याच्या कलम 26 ने माहिती अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख केला. त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये माहिती पसरवताना स्थानिक भाषेचा विचार करावा असेही म्हटले आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मालकाला ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायला लावतो. दिव्यांगजनांच्या हक्कांचा 2016 चा कायदा तर कलम 47 मध्ये स्पष्टच सांगतो, की पंचायत सदस्यांपासून प्रशासक, पोलीस आणि न्यायाधीशांपर्यंत सर्वांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय असला पाहिजे. हक्क लिहून ठेवला की तो आपोआप पाळला जातो, या भ्रमातून आपला देश हळूहळू बाहेर येत आहे. भाषेचा हक्क मात्र अजून 1956 च्या कागदावरच बसून आहे.

दुरून आलेला धडा

हा विचार आमच्याच डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागाने, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ज्या मुलांना इंग्रजी कळत नाही त्यांना कोणतेही साहाय्य न देता इंग्रजी वर्गात बसवून ठेवणे हा या कायद्याचा भंग आहे. पुढे तेथील कृषी खात्याच्या अन्नसाहाय्य योजनांत लोकांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी नागरी हक्कांचे प्रशिक्षण घेणे बंधनकारक झाले. त्यात काय शिकवतात? लाभार्थ्यांची माहिती कशी नोंदवावी, योजनेची वार्ता सर्वांपर्यंत कशी न्यावी, तक्रार आली तर ती कशी स्वीकारावी, दिव्यांगांसाठी सोय कशी करावी, भाषा न कळणाऱ्याला साहाय्य कसे द्यावे, वाद कसा मिटवावा आणि समोरच्याशी सौजन्याने कसे बोलावे. सारे विषय साधे आहेत, आणि ते त्या कारकुनाच्या रोजच्या कामाचे आहेत.

अमेरिकेचे हे प्रशस्तिपत्र नव्हे. त्याच कृषी खात्याने कर्जवाटपात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी केलेल्या भेदभावाबद्दल खटला झाला आणि 1999 मध्ये खात्याला मोठी तडजोड करावी लागली. वरचे कायदे उत्तम असूनही गावपातळीवरच्या कचेऱ्यांत काय चालते, याचा तो पुरावाच होता. भाषासाहाय्याविषयीचा 2000 सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश 2025 च्या मार्चमध्ये एका फटक्यासरशी रद्दही झाला. वरून आलेला आदेश वरूनच जाऊ शकतो. खालच्या कर्मचाऱ्याच्या अंगवळणी पडलेली रीत मात्र इतक्या सहज जात नाही, आणि म्हणूनच प्रशिक्षणाचे मोल आदेशापेक्षा कमी मानू नये.

धारवाडला हा धडा परका वाटू नये, याला आणखी एक कारण आहे. आपल्या देशातील कृषी विद्यापीठे अमेरिकेतील ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. पहिले 1960 मध्ये पंतनगरला. बेंगळुरूचे 1964 मध्ये. आणि त्यातून वेगळे होऊन धारवाडचे 1986 मध्ये. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिहेरी रचना आपण तेथून घेतली. विद्यापीठातील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत नेणे म्हणजे विस्तार. ते नेताना कोणीही वगळला जाऊ नये याची शिकवण पुढे तेथील विस्तार यंत्रणेत आली. आपल्याकडे ती यायची राहिली. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, हे ज्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कोणी समजावले नाही, त्याच्यासाठी भाषेचा प्रश्न अस्मितेचा उरत नाही, जिवाचा होतो.

आपलाही इतिहास

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली नाही तर आमचे म्हणणे अपुरे राहील. एकोणिसाव्या शतकात धारवाड मुंबई इलाख्यात होते, आणि शाळा व कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता. घरात कन्नड बोलणारी मुले मराठी शाळांत मराठी पुस्तके वाचत. कन्नड माणसाने आपल्याच गावात आपले म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत मांडायचे, ही अवस्था तेव्हा त्यांची होती आणि खिडकीपलीकडे अनेकदा आपली माणसे होती. शिक्षण खात्यातील डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी केलेले श्रम आणि 1890 मध्ये धारवाडात स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ ही त्या दुःखाची उत्तरे होती. आज आपण जे मागतो तेच तेव्हा कन्नड माणूस मागत होता. धारवाडच्या मातीला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

आणि याच मातीला दोन्ही भाषा एकत्र नांदवण्याची रीतही ठाऊक आहे. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच शहरात महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी मराठी कथा लिहीत होते, आणि त्यांच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तोही 1973 चाच. असे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. त्या शहरातील एखाद्या कचेरीत मराठी कागद परका ठरावा, हे त्या शहराच्याच स्वभावाला धरून नाही.

रोजच्या बोलण्यात तर या दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की अर्ज, दफ्तर, रजा, पगार हे शब्द दोन्हीकडे सहज ओळखू येतात. मात्र जवळीक कधी कधी फसवतेही. गरोदर बाईला मिळणाऱ्या कार्डाला कर्नाटकात ‘तायि कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. नव्याने आलेल्या मराठी सुनेला ते ‘ताई कार्ड’ ऐकू येते आणि ते आपल्या मोठ्या जावेचे असावे असा तिचा समज होतो. हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण लसीची तारीख चुकली तर हसू येणार नाही. अंगणवाडीच्या बाईंना हा घोटाळा आधीच ठाऊक असेल तर एका वाक्यात तो सुटतो. प्रशिक्षणाकडून आम्हाला हवे आहे ते एवढेच.

काय शिकवावे

आमची कल्पना मोठी नाही. धारवाड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, रयत संपर्क केंद्रातील कृषी सहायक, वीज आणि बस महामंडळाच्या खिडकीवरील माणसे यांच्या ज्या बैठका आणि वर्ग ठरलेल्याप्रमाणे होतात, त्यांतच वर्षातून अर्धा दिवस या विषयाला द्यावा. निराळा भार नको. आशा आणि अंगणवाडी सेविका आधीच तुटपुंज्या मानधनावर डोंगराएवढे काम करतात याची आम्हाला जाणीव आहे.

पहिला पाठ कलम 350 चा. अर्ज कोणत्याही भाषेतील असो, तो आधी घ्यावा, पोच द्यावी, भाषांतराची व्यवस्था नंतर पाहावी. दुसरा पाठ दुभाष्याचा. कार्यालयात दुसरी भाषा जाणणारा कोण आहे, त्याचे नाव आणि बसण्याची जागा दर्शनी फलकावर लिहावी. आजारपण, गरोदरपण, घरातील मारहाण अशा विषयांत लहान मुलाला दुभाषी करू नये. आठ वर्षांच्या मुलीने आईच्या रक्तस्रावाविषयी डॉक्टरांशी बोलावे, हे कोणत्याही भाषेत अशोभनीय आहे. तिसरा पाठ नोंदीचा. लाभार्थ्याची भाषा कोणती, याचा एक रकाना वहीत असावा. कोणाला भाषेची अडचण आहे हे नोंदवलेच नाही, तर कागदावर अडचण कोणालाच नसते. चौथा पाठ तक्रारीचा. समाधान झाले नाही तर पुढे कोणाकडे जायचे, ते कर्मचाऱ्यानेच सांगावे.

हे प्रशिक्षण भाषेपुरते कोंडून ठेवू नये, असेही आम्हाला वाटते. आपल्या देशात ‘नागरी हक्क’ हा शब्द कायद्याच्या शीर्षकात आला तो अस्पृश्यतेच्या संदर्भात. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याला 1976 मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. अंगणवाडीत कोणाच्या मुलाला वेगळे बसवले जाते, कोणाच्या वस्तीत कर्मचारी उंबऱ्याबाहेरूनच परततो, हे प्रश्न मराठी गावांतही आहेत, आणि तेथे दोषी आपणही असतो. मराठी दलित बाईला भाषेचा हक्क मिळाला आणि जातीमुळे उंबरा मिळाला नाही, तर तिला काय मिळाले? त्याचप्रमाणे हुबळीत उर्दू बोलणारे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. तांड्यांवर लमाणी बोलली जाते. जे आपल्यासाठी मागायचे ते त्यांच्यासाठीही मागितले, तर आपली मागणी न्यायाची ठरते. एरवी ती केवळ गटाची राहते.

दोन आक्षेप

कन्नड बांधव विचारतील, कर्नाटकात राहायचे तर कन्नड का शिकत नाही? उत्तर सरळ आहे: शिकतो, शिकावे, आणि मुलांना आवर्जून शिकवावे. राज्याच्या कारभाराची भाषा कन्नड असण्याला आमचा विरोध नाही. ज्या हक्काविषयी आम्ही बोलत आहोत तो कन्नड शिकण्याची टाळाटाळ करणाऱ्यासाठी नाही. ज्याचे शिकण्याचे वय आणि संधी मागे पडली त्याच्यासाठी आहे. सत्तरीच्या आजींना आधी लिपी शिका मग पेन्शन घ्या, असे म्हणणे कन्नडच्या थोरवीला शोभणारे नाही.

दुसरा आक्षेप घरातून येईल. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. त्याचा निकाल लागायचा असताना कर्नाटकाच्या कर्मचाऱ्यांना शिकवत बसणे म्हणजे आहे ती स्थिती मान्य करणे नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही. दावा दोन दशकांपासून उभा आहे आणि त्याची तारीख आपल्या हातात नाही. आजींच्या औषधाची तारीख मात्र दर महिन्याला येते. आणि निकाल काहीही लागला, तरी हुबळी-धारवाडातील मराठी माणूस कर्नाटकातच राहणार आहे. सीमेची रेघ कोठेही ओढली तरी दोन्ही बाजूंना काही माणसे दुसऱ्या भाषेची उरणारच. त्यांचा हक्क रेघेवर अवलंबून ठेवता येत नाही.

म्हणूनच हीच मागणी आपण महाराष्ट्र शासनाकडेही केली पाहिजे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी हजारो घरे आहेत. तेथील कन्नड आजीचा अर्ज आपला मराठी कारकून घेतो काय? तिला ‘मराठीत लिहून आणा’ असे सांगून परत तर पाठवत नाही? जतच्या खिडकीवर जे आपण देऊ, तेच धारवाडच्या खिडकीवर ताठ मानेने मागू शकू. महाराष्ट्रात राहणाऱ्या आमच्या वाचकांना म्हणूनच विनंती आहे, की सीमावासीयांसाठी मोर्चा काढण्याआधी आपल्या तालुक्यातील कन्नड वाडीवर एकदा जाऊन यावे.

आपण काय करावे

धारवाड जिल्ह्यातील वाचकांसाठी काही साध्या सूचना. कलम 350 चा कन्नड मजकूर अर्ध्या कागदावर टंकलिखित करून घ्यावा आणि मराठी अर्जाला जोडावा. कारकुनाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या हाती त्याच्याच भाषेतील संविधान ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्ज नाकारला तर त्याच दिवशी कार्यालयाचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. कर्मचाऱ्याचे नाव चव्हाट्यावर मांडू नये, कारण आपले भांडण त्या माणसाशी नाही. मराठी शाळांतील निवृत्त शिक्षकांनी अंगणवाडी, दवाखाना, शेती आणि वीजबिल या चार विषयांवर कन्नड-मराठी शंभर-शंभर वाक्यांची छोटी पुस्तिका तयार करावी आणि ती कर्मचाऱ्यांना भेट द्यावी. आणि धारवाडचे जिल्हाधिकारी, जिल्हा पंचायत, कृषी विद्यापीठाचे विस्तार संचालनालय, हेस्कॉम आणि परिवहन महामंडळ यांना प्रशिक्षणाच्या मागणीचे निवेदन द्यावे. ते निवेदन कन्नडमध्ये लिहावे. मराठीत लिहिण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण येथे आपल्याला हक्क बजावायचा नाही, समोरच्याचे मन वळवायचे आहे.

निवेदनाचा कन्नड मसुदा आम्ही धारवाडमधील कन्नड मित्रांच्या साहाय्याने तयार करत आहोत. त्यांतील एकाने मसुदा वाचून आमची दोन वाक्ये अधिक सौम्य केली आणि एक वाक्य अधिक कठोर केले. कठोर केलेले वाक्य असे होते: अर्ज परत करणारा कर्मचारी दोषी असेल किंवा नसेल, पण त्याला न शिकवणारे शासन निश्चितच दोषी आहे. ते वाक्य आम्ही तसेच ठेवले आहे.